घरचा ग्लुकोमीटर आणि लॅब यांच्या आकड्यांत सतत फरक येतो. आईचे इन्सुलिन कोणत्या आकड्यावर ठरवावे?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून तिला १६ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. आम्ही चिपळूणला राहतो. तिला मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइड या शुगर कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, आणि गेल्या वर्षापासून रात्री झोपताना लांब पल्ल्याचे इन्सुलिन घ्यावे लागते. घरी ग्लुकोमीटर आहे. आई रोज उपाशीपोटी आणि आठवड्यातून दोनदा जेवणानंतर दोन तासांनी शुगर तपासून वहीत लिहून ठेवते आणि ती वही घेऊनच आम्ही डॉक्टरांकडे जातो.

गेल्या महिन्यात तीन महिन्यांची तपासणी होती. लॅबचा मुलगा सकाळी साडेसातला घरी येऊन रक्त घेऊन गेला. त्याच वेळी मी आईच्या बोटावर मीटरने तपासले, तर मीटरने १४८ दाखवले आणि दुपारी आलेल्या रिपोर्टमध्ये १२१ होते. जेवणानंतरच्या नमुन्यातही तेच झाले; मीटरवर २३६ आणि लॅबमध्ये १८४. मनात शंका आली म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकाच बैठकीत तीन वेळा तपासले, तेव्हा १४८, १३९ आणि १५५ असे तीन वेगळे आकडे आले. त्याच तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी, ८.१ आली आहे. वहीतले आकडे आणि ही ८.१ पाहून डॉक्टरांनी इन्सुलिन १० युनिटवरून १४ युनिटवर नेले.

खरी काळजी यापुढची आहे. डोस वाढवल्यापासून दोन वेळा आई पहाटे तीनच्या सुमारास घामाघूम होऊन उठली. अंगाला कापरे भरले होते आणि बोलणे थोडे असंबद्ध झाले होते. दुसऱ्या वेळी मी लगेच मीटर लावला, तर त्याने ७६ दाखवले. सत्तरच्या वर आहे म्हणजे शुगर कमी झालेली नाही, असे समजून मी तिला पाणी देऊन झोपवले, आणि तेव्हापासून माझे मन मला खात आहे. मीटर बिघडला आहे का, की लॅबचेच चुकते आहे? नवा मीटर घ्यावा का? स्ट्रिप १५ ते २५ रुपयांना एक पडते, त्यामुळे वारंवार तपासणेही परवडत नाही. ज्यांना या विषयातले कळते त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

ग्रामीण_वैद्यकी

ताई, मीटरच्या अचूकतेवर इतर जण लिहितीलच, पण त्याआधी पहाटेच्या प्रसंगाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तेवढे थांबून चालणार नाही. मी २० वर्षे तालुक्याच्या ठिकाणी जनरल प्रॅक्टिस करतो.

इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही चालू असलेल्या, साठी ओलांडलेल्या व्यक्तीला पहाटे घाम, कापरे आणि बोलण्यात असंबद्धता ही तिन्ही लक्षणे दिसली, तर मीटर काय म्हणतो याची वाट न पाहता ती शुगर कमी झाल्याचीच लक्षणे समजून साखर द्यायची असते. चहाच्या चमच्याने तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून पाजावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, सुधारणा नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर पोळी किंवा दूधभात असे काही खायला द्यावे. चॉकलेट किंवा पेढा देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. व्यक्ती शुद्धीवर नसेल किंवा गिळता येत नसेल, तर मात्र तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

७० मिलिग्रॅमच्या खाली शुगर कमी धरायची आणि ५४ च्या खाली ती धोक्याची, ही रेघ उपचार ठरवण्याच्या सोयीसाठी आखलेली आहे. मीटरवरचा ७६ हा आकडा प्रत्यक्षात ६५ असू शकतो आणि ८५ ही असू शकतो. उगाच साखर दिली गेली तर शुगर काही तास थोडी वाढेल, एवढेच. द्यायची राहून गेली तर काय होते ते मी पाहिलेले आहे. कृपया उद्याच डॉक्टरांना हे दोन्ही प्रसंग तारीख-वेळेसह सांगा आणि वाढवलेल्या डोसविषयी विचारा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, पण महिनाअखेरच्या भेटीपर्यंत थांबूही नका. क्रिएटिनिन अलीकडे तपासले नसेल तर तेही करून घ्या, कारण मूत्रपिंडांचे काम मंदावले की इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही शरीरात जास्त वेळ रेंगाळतात.

---

सडेतोड_७

घरच्या मीटरवर विश्वास ठेवूच नये असे माझे मत आहे. माझ्या काकांच्या मीटरचे आकडे रोज वेगळे येत असत. आम्ही तो बंद करून टाकला आणि आता दर महिन्याला लॅबमध्ये एकदा तपासतो. लॅबचा आकडा तो खरा, बाकी सर्व मनाची समजूत आहे.

---

सूक्ष्मदर्शक

मी २१ वर्षे कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे लॅबची बाजू घेऊन मला सहज लिहिता आले असते, पण वरच्या प्रतिसादाशी मी सहमत होऊ शकत नाही. महिन्यातून एकदा लॅबमध्ये घेतलेला अचूक आकडा पहाटे तीन वाजता कोणाच्याही कामी येत नाही. शिवाय लॅबचा आकडा तरी प्रत्येक वेळी खरा असतो का, हेही तपासून पाहण्यासारखे आहे.

रक्त नळीत घेतले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या नळीतली साखर खात राहतात. साध्या नळीतले रक्त खोलीच्या तापमानाला तसेच ठेवले, तर साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणून शुगरसाठी आम्ही राखाडी बुचाची, सोडियम फ्लोराइड असलेली नळी वापरतो. अनेकांना वाटते की फ्लोराइड घातले म्हणजे घट लगेच थांबते. तसे होत नाही. पेशींमधली साखर मोडण्याची साखळी बरीच लांब असते आणि फ्लोराइड तिच्या शेवटाकडच्या एका टप्प्यावर काम करते, त्यामुळे पहिला तास-दोन तास घट चालूच राहते आणि त्यानंतर ती थांबते. साडेसातला घरून घेतलेले रक्त आणखी दहा-बारा घरे फिरून साडेदहाला लॅबमध्ये पोहोचले असेल, तर १३० चे १२१ होणे मला अजिबात अशक्य वाटत नाही. तुमच्या २७ च्या फरकातला काही भाग असा नळीतच गेलेला असू शकतो.

जेवणानंतरच्या आकड्याची गोष्ट वेगळी आहे. बोटाच्या टोकाचे रक्त केशवाहिन्यांतले असते आणि लॅब शिरेतले रक्त घेते. उपाशीपोटी या दोन्हींतल्या साखरेत फारसा फरक नसतो. जेवण झाल्यावर मात्र रक्त स्नायूंना साखर देऊन मग शिरेत परतते, त्यामुळे बोटातला आकडा शिरेतल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त असू शकतो. म्हणजे २३६ आणि १८४ यांची तुलना करून मीटरला दोष देता येणार नाही. मीटर तपासायचा असेल तर तो नेहमी उपाशीपोटीच तपासावा.

ती तपासणी अशी करा. रक्त घरी न देता स्वतः लॅबमध्ये जा आणि मीटर बरोबर न्या. आईंनी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. शिरेतून रक्त घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत बोटाला टोचून मीटरवर आकडा घ्या, आणि नळी अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्तातला द्रव, वेगळा करावा अशी तंत्रज्ञाला विनंती करा. कारण सांगितलेत तर कोणताही चांगला तंत्रज्ञ ती आनंदाने मान्य करील. नळीतल्या रक्ताचा थेंब स्ट्रिपवर लावू नका, कारण त्यातले फ्लोराइड स्ट्रिपच्या रसायनात ढवळाढवळ करते. एका जोडीवरून निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या दिवशी निदान तीन जोड्या घ्या.

आणखी एक गोष्ट विचारतो. आईंचे हिमोग्लोबिन किती आहे?

---

द्राक्षबागेतली

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला सहाव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे आणि आता तो तेरा वर्षांचा आहे. दिवसाला सहा-सात वेळा टोचण्याची आमची आठ वर्षे होत आली, म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहिते.

निफाडजवळ आमची द्राक्षांची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी काढणीच्या दिवसांत मुलगा संध्याकाळी बागेतून आला आणि जेवणाआधी तपासले, तर मीटरवर ३१२ आले. त्या आकड्याप्रमाणे मी इन्सुलिनचा जादा डोस हिशेबात धरून पेनवर आकडा फिरवलाही होता. इतक्यात त्याच्या बोटांना चिकटपणा आहे हे माझ्या हाताला जाणवले. पाण्याने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासले तर १३८ आले. ३१२ धरून इन्सुलिन दिले असते तर रात्री काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही. रक्ताचा थेंब सुईच्या टोकाएवढा असतो आणि त्यात बोटावरच्या फळाच्या रसाचा नुसता अंश मिसळला तरी आकडा दुप्पट होऊ शकतो. आंबा चिरलेला असो, गूळ फोडलेला असो की प्रसादाचा शिरा वाढलेला असो, सर्वांचे हेच आहे. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून हा गोडवा पुरता जात नाही, त्याला पाणीच लागते. प्रवासात पाणी नसेल तर पहिला थेंब कापसाने पुसून टाकावा आणि दुसरा थेंब घ्यावा, असे आम्हाला शिकवले आहे. मात्र थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नये; बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलकेच चोळावे आणि हात थोडा वेळ खाली सोडावा. जोरात पिळले की रक्ताबरोबर मांसातले पाणी येते आणि थेंब पातळ होतो.

स्ट्रिप तुम्ही कुठे ठेवता, तेही लिहा. चिपळूणच्या पावसाळ्यात मीठसुद्धा डब्यात ओले होते.

---

निवृत्त_मास्तर

मी आयुष्यभर पदवीच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवले आणि आता स्वतः मधुमेही आहे, त्यामुळे या छोट्या यंत्राविषयी मला दोन्ही अंगांनी आस्था आहे.

स्ट्रिपच्या टोकाशी जो बारीक पट्टा दिसतो त्यात एक विकर (एन्झाइम) वाळवून बसवलेले असते, बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजिनेज. ग्लुकोज ऑक्सिडेज हे अॅस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीपासून मिळवतात. थेंब आत ओढला गेला की विकर ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून घेते, मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवते आणि जो अत्यल्प विद्युतप्रवाह वाहतो तो मोजून मीटर आकडा सांगतो. विकराचा इलेक्ट्रोडशी असा संयोग करण्याची कल्पना लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. म्हणजे मोजमापाचे खरे काम मीटर करत नसून स्ट्रिप करते. मीटर वर्षानुवर्षे टिकतो, परंतु विकर हे शेवटी प्रथिन आहे आणि ओल, ऊन, उघडी हवा यांनी ते मरते. डबीच्या आतल्या बाजूला जो ओलावा शोषणारा थर असतो तो केवळ त्याच्यासाठी असतो. म्हणून झाकण दाबून ताबडतोब लावणे, डबी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहिणे आणि पत्रकात लिहिलेल्या मुदतीनंतर, मग ती तीन महिने असो वा सहा, उरलेल्या स्ट्रिप टाकून देणे आवश्यक असते. डबीवर छापलेली अंतिम तारीख न उघडलेल्या डबीची असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

आता किती फरक चालतो ते पाहू. आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१३ ची आवृत्ती असे सांगते की शुगर १०० किंवा त्याहून अधिक असताना १०० पैकी ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असले पाहिजेत, आणि १०० च्या खाली ते १५ मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजेत. खरी शुगर २०० असताना एक मीटर १७२ दाखवील, दुसरा २२८ दाखवील आणि दोघेही मानकाप्रमाणे उत्तीर्ण असतील. खरी शुगर ६० असेल तर ७५ दाखवणारा मीटरही उत्तीर्णच. आणि उरलेले पाच आकडे या मर्यादेबाहेर गेले तरी मानक मोडत नाही. यापूर्वीची २००३ ची आवृत्ती याहून सैल होती. तीत ७५ च्या वर २० टक्के फरक चालत असे. हे वाचून मीटर निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये, कारण शुगर वाढते आहे की उतरते आहे, कोणत्या जेवणाने किती चढते, हे कळायला एवढी अचूकता पुरते.

वाशिष्ठीकाठ यांच्या आकड्यांत मला दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. किराणा दुकानातला एखादा काटा एकच वस्तू तीनदा ठेवली तर तीन वजने दाखवतो, आणि दुसरा काटा दर वेळी तेच वजन दाखवतो पण ५० ग्रॅम जास्त दाखवतो. पहिल्या काट्याचा दोष विखुरलेपणाचा आहे आणि दुसऱ्याचा एका बाजूला झुकण्याचा आहे. १४८, १३९, १५५ हे विखुरलेपण आहे. ते मानकाच्या मर्यादेत असले तरी एका बैठकीसाठी जास्त आहे आणि त्याचा संशय स्ट्रिपवर किंवा थेंबावर जातो. लॅबपेक्षा सतत वर दाखवणे हा कल आहे, आणि त्याचे कारण वेगळीकडे शोधावे लागेल. नव्या डबीने विखुरलेपण कमी होईल. कल तसाच राहिला, तर सूक्ष्मदर्शक यांनी विचारलेला हिमोग्लोबिनचा प्रश्न महत्त्वाचा ठरेल.

काही कंपन्या कंट्रोल सोल्यूशन नावाची ग्लुकोजची छोटी कुपी देतात. तिचा थेंब रक्ताऐवजी स्ट्रिपवर लावला की आकडा डबीवर छापलेल्या पट्ट्यात यायला हवा. आपल्याकडे दुकानदार ती क्वचितच ठेवतात; कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर मागणी करावी. मात्र एवढे लक्षात असू द्या, की कंट्रोल सोल्यूशनमध्ये पेशी नसतात, त्यामुळे रक्तातल्या दोषामुळे येणारा फरक त्यात दिसत नाही.

---

लीड्सकर

थोडे बाजूचे, पण परदेशातून घरी मीटर पाठवणाऱ्यांच्या उपयोगाचे लिहितो. ब्रिटनमध्ये शुगर मिलिमोल प्रति लिटर या एककात मोजतात आणि भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. इकडचा आकडा १८ ने गुणला की तिकडचा मिळतो. मी सांगलीला आत्याला इथून एक चांगला मीटर पाठवला होता. पडद्यावर ५.४ आले, चष्मा नसल्यामुळे तिला मधला ठिपका दिसला नाही आणि ५४ समजून तिने घाबरून साखर खाल्ली. प्रत्यक्षात ती शुगर ९७ होती. इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मीटरमध्ये एकक बदलताही येत नाही. त्या मीटरच्या स्ट्रिप सांगलीत मिळत नव्हत्या, ही अडचण वेगळीच. मीटर नेहमी जिथे वापरायचा तिथेच घ्यावा.

---

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद वाचला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी इन्सुलिन लगेच पुन्हा १० वर आणले आणि क्रिएटिनिन करायला सांगितले आहे.

स्ट्रिप कुठे ठेवतो, असे विचारले होते. डबी पुन्हा पुन्हा उघडायला नको म्हणून आई आठवड्याच्या सात स्ट्रिप एकदम काढून कागदाच्या पुडीत बांधते आणि ती पुडी गोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. तो डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. मी पुडी उघडून पाहिली तेव्हा कागद हाताला सादळलेला लागला. काटकसर म्हणून तिने हे इतक्या नीटनेटकेपणाने केले होते की तिला चूक म्हणणे माझ्या जिवावर आले.

हिमोग्लोबिन वर्षभरात तपासलेले नव्हते. आता करून घेत आहे.

---

सूक्ष्मदर्शक

ते का विचारले, ते आता सविस्तर लिहितो. रक्तात पेशी किती आणि प्लाझ्मा किती, याचे प्रमाण म्हणजे हिमॅटोक्रिट. लॅब प्लाझ्मातली साखर मोजते. मीटरला मिळतो तो अख्ख्या रक्ताचा थेंब, आणि प्लाझ्मातली साखर अख्ख्या रक्तापेक्षा साधारण ११ टक्क्यांनी जास्त असते. म्हणून मीटर आपल्याला प्लाझ्माच्या हिशेबातला आकडा दाखवतो. हे रूपांतर करण्यासाठी जो १.११ हा गुणक आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरला, त्यात हिमॅटोक्रिट ४३ टक्के गृहीत धरलेले आहे. आता एखाद्याच्या रक्तात पेशीच कमी असल्या, तर त्या थेंबात प्लाझ्मा जास्त असतो, साखरेला विकरापर्यंत पोहोचायला पेशींचा अडथळाही कमी होतो आणि मीटर खऱ्यापेक्षा वरचा आकडा दाखवतो. याच्या उलट, रक्त दाट असेल तर तो खालचा आकडा दाखवतो. काही नवे मीटर हिमॅटोक्रिट स्वतः मोजून आकडा सुधारून घेतात. स्वस्त आणि जुन्या मीटरमध्ये ही सोय बहुधा नसते. प्रत्येक स्ट्रिपच्या पत्रकात, अगदी बारीक अक्षरांत, ती कोणत्या हिमॅटोक्रिटपर्यंत चालते हे छापलेले असते. ते भिंग घेऊन वाचा.

आपल्याकडे ही गोष्ट दुर्मीळ नाही. स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी १२ जीवनसत्त्व घटते आणि मधुमेहाने मूत्रपिंडे दुबळी झाली की रक्तही कमी तयार होते. नेमक्या ज्या रुग्णांना मीटरची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्याच रक्तात मीटर फसण्याची शक्यता जास्त असते. जाता जाता हेही नोंदवतो, की क जीवनसत्त्वाचे मोठे डोस, विशेषतः शिरेतून दिलेले, काही मीटरना खोटा वरचा आकडा दाखवायला लावतात. आणि पोटाच्या डायलिसिसमध्ये इकोडेक्स्ट्रिनचे द्रावण वापरत असतील, तर पीक्यूक्यू प्रकारच्या विकराच्या स्ट्रिप कदापि वापरू नयेत. त्या द्रावणापासून शरीरात माल्टोज नावाची दुसरी साखर तयार होते, तिलाही या स्ट्रिप ग्लुकोज समजतात आणि या चुकीमुळे रुग्ण दगावलेले आहेत.

---

वाशिष्ठीकाठ

अहवाल आले आहेत, म्हणून पुन्हा लिहिते. नवी डबी आणली आणि ती कपाटात ठेवली. एकाच बैठकीतले तीन आकडे आता १४०, १४३, १४१ असे जवळजवळ येतात, म्हणजे मास्तरांनी सांगितलेले विखुरलेपण गेले.

त्यानंतर सांगितल्याप्रमाणे तीन वेगवेगळ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन जोड्या घेतल्या. मीटर १४१ तेव्हा लॅब १२०, मीटर १५२ तेव्हा लॅब १३१, आणि मीटर १३३ तेव्हा लॅब ११३. तिन्ही दिवशी मीटर १६ ते १८ टक्क्यांनी वरच आहे. हिमोग्लोबिन ८.६ आले, हिमॅटोक्रिट २७, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हेही बरेच कमी आहे. क्रिएटिनिन सुदैवाने ठीक आहे. आमच्या स्ट्रिपच्या पत्रकात ३५ ते ५० हिमॅटोक्रिट अशी मर्यादा छापलेली आहे. हा कागद दोन वर्षे खोक्यात तसाच घडी करून पडला होता. आई गेले काही महिने जिना चढताना धाप लागते म्हणत होती आणि आम्ही ते वयावर ढकलत होतो.

आता मला पहाटेचा तो ७६ आकडा पुन्हा पुन्हा आठवतो. याच हिशेबाने तो ६५ च्या आसपास असणार.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि रक्त कशामुळे कमी झाले ते शोधण्यासाठी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आहेत. हिमॅटोक्रिटची सुधारणा असलेला मीटर घ्यायला त्यांनीच सांगितले. पहिल्या जोडीत त्याने १२६ दाखवले आणि लॅबमध्ये १२२ आले. आता एकच शंका राहिली आहे. एचबीए१सी तर लॅबमध्ये होते, मग ती ८.१ तरी खरी होती ना?

---

ग्रामीण_वैद्यकी

ताई, तीही पूर्ण खरी नव्हती असेच म्हणावे लागेल. ८.१ चा अर्थ गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सुमारे १८६ असा होतो, आणि लॅबमधले उपाशीपोटीचे ११३ ते १३१ हे आकडे त्याच्याशी सहज जुळत नाहीत. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर जी साखर चढते ती एचबीए१सी मोजते. लोहाची कमतरता असताना नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा वर दिसते. म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत घरचा मीटर आणि लॅबची एचबीए१सी, दोन्ही एकाच कारणाने एकाच बाजूला चुकत होते, आणि एकाने दुसऱ्याला दुजोरा दिल्यासारखे दिसत होते. डॉक्टरांनी त्या दोन कागदांवरून डोस वाढवला यात मला नवल वाटत नाही; त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. आईंना आलेला घाम आणि कापरे एवढेच खरे सांगत होते.

लोह सुरू झाल्यावर याच्या उलट होईल, याचीही तयारी ठेवा. नव्या पेशी भराभर तयार होतील, त्यांच्यावर साखर चढायला वेळ मिळालेला नसेल आणि एचबीए१सी काही काळ खोटी कमी दिसेल. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर येऊन तीन महिने होईपर्यंत त्या आकड्यावर उपचार ठरवू नयेत. तोवर नवा मीटर, उपाशीपोटीच्या तपासण्या आणि आठवड्यातून एखादी पहाटे तीनची तपासणी यांवरच चालावे लागेल. हाताला लावून ठेवायचा सेन्सर १४ दिवसांसाठी एकदा लावता आला तर रात्रीचे चित्र अधिक स्पष्ट होईल. तो रक्ताऐवजी त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर वेगाने उतरत असताना तो ५ ते १५ मिनिटे मागे असतो, आणि त्या हातावर झोपल्यास दाबामुळे खोटा कमी आकडाही दाखवू शकतो. म्हणून सेन्सर लावलेला असतानाही पहाटे घाम आला तर आधी साखर, मग बोटाची तपासणी, हा क्रम ठेवा.

---

वाशिष्ठीकाठ

समजले. नव्या डबीच्या झाकणावर उघडल्याची तारीख मी लिहिली होती. काल पाहिले तर आईने वहीतही एक नवा रकाना आखून त्यात "हात धुतले" असे रोज लिहायला सुरुवात केली आहे. उशाशी साखरेच्या पाण्याची झाकणाची बाटली ठेवली आहे. सेन्सरविषयी सोमवारी डॉक्टरांना विचारते आणि हिमोग्लोबिन पुन्हा तपासल्यावर इथे आकडे लिहीन.